नाशिकमध्ये टेक्नोची रात्र: आवक क्रमांकापासून गॅफर टेपपर्यंत

मराठी पेपरात ‘रेव्ह’, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीतावर तासन्‌तास नाचण्याची पार्टी, हा शब्द आला की पुढचा शब्द बहुतेक वेळा ‘छापा’ असतो. जून २०२१ मध्ये इगतपुरीच्या बंगल्यांवर पोलीस गेले, बावीस जणांना ताब्यात घेतलं, आणि तेव्हापासून नाशिक जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ पक्का झाला. म्हणून अशी रात्र करायची असेल तर पहिली सूचना ही की पोलीस परवानगीच्या अर्जावर ‘रेव्ह’ लिहू नका, आणि ‘डीजे’ तर त्याहून लिहू नका. आपल्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर चढवलेली स्पीकरची भिंत. टेबलापलीकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तीच येते. जे आहे ते सरळ लिहा: ‘बंद सभागृहात, तिकीट लावून, इलेक्ट्रॉनिक संगीताचा कार्यक्रम’. हे लिहिण्यात लपवाछपवी नाही, कारण खरोखर तेच करायचं होतं.

आम्ही सहाजण, सगळे नोकरीधंद्यातले. टेक्नोची, म्हणजे यंत्रांवर बनवलेल्या, एकसारख्या ठोक्याच्या, बहुतेक शब्दांशिवायच्या नाचाच्या संगीताची रात्र करायचं १० नोव्हेंबर २०२४ ला ठरवलं आणि १८ जानेवारी २०२५ ला ती पार पडली. मधल्या दहा आठवड्यांत काय लागलं, कुठे अडलं, किती गेले, हे मांडून ठेवतो. प्रायोजक नाही, होर्डिंग नाही, ठिकाण आदल्या दिवशी निरोपाने कळवायचं, नाव मोठं असो की नसो प्रत्येक वाजवणाऱ्याला सारखाच वेळ, एवढंच आमचं ‘अंडरग्राउंड’. ठिकाण लोकांपासून एक दिवस लपवायचं. पोलिसांपुढे दीड महिना आधी उघडं करायचं. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांची रात्र बातमीत जाते.

तारीख ठरवताना पंचांग उपयोगी पडलं. पौषात आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त टाळतात, त्यामुळे मंगल कार्यालयं आणि बँक्वेट हॉल रिकामे असतात, मालक भावावर खाली येतो. २०२५ चा बहुतेक जानेवारी पौषात होता. १४ ला संक्रांत, २६ ला प्रजासत्ताक दिन. या दोन्हींच्या आसपास पोलिसांची माणसं बंदोबस्तात असतात, म्हणून मधला शनिवार धरला. नोव्हेंबरमध्ये मात्र काहीच हललं नाही. विधानसभेची आचारसंहिता, २० ला मतदान, २३ ला मोजणी. त्या काळात कागद घेऊन जाण्यात अर्थ नव्हता, तेव्हा जागा बघितल्या.

पहिली जागा गंगापूर धरणाच्या बाजूचं फार्महाऊस. हवा सुरेख, भाडं कमी, पण उघड्यावर. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. १२ पर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सरकारने जाहीर केलेल्या सण-उत्सवांना. ‘आमच्या ओळखी आहेत, एकपर्यंत वाजवा,’ असं सांगणारा मालक भेटला की तिथून निघायचं. दुसरी जागा औद्योगिक वसाहतीतली शेड. दिसायला अगदी बर्लिनच्या टेक्नो क्लबसारखी, पण त्या शेडला माणसं जमवण्यासाठीचा वापर परवाना नाही, अग्निशमनाचा दाखला नाही, दार एकच. तिसरी चांगली होती, पण भिंतीपासून ८० मीटरवर कॉलेज. शाळा-कॉलेज, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतात. फोनवरच्या नकाशात अंतर मोजून बघा, मालकाच्या ‘लांब आहे हो’वर जाऊ नका.

चौथा हॉल महामार्गालगतचा: ३२ मीटर लांब, १४ रुंद, विटांच्या भिंती, वर पत्रा, तीन दारं. अग्निशमनाचा दाखला चालू मुदतीतला. समोर महामार्ग, मागे सुमारे ३०० मीटरवर वस्ती. २५ नोव्हेंबरला ४० हजार भाडं आणि २० हजार अनामत ठरली. करारात एक ओळ मुद्दाम घालून घेतली की परवानगी न मिळाल्यास भाड्याची ८० टक्के रक्कम परत. मालकाची काळजी वेगळीच होती. अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएसमध्ये, आपली जागा जाणूनबुजून अशा गुन्ह्यासाठी वापरू देणाऱ्यालाही शिक्षा आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते खरंच आहे. दारावर झडती कशी असेल, किती सुरक्षारक्षक असतील, काही सापडलं तर काय करणार, हे त्यांना लेखी दिलं. तोच कागद पुढे पोलिसांच्या अर्जालाही जोडला, आणि त्याचा उपयोग इतर कुठल्याही कागदापेक्षा जास्त झाला.

जागा पक्की करण्याआधी ती शहर पोलीस आयुक्तालयात येते की ग्रामीण पोलिसांकडे, हे नक्की करा. नाशिकच्या कडेला रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं असं होऊ शकतं. चुकीच्या ठिकाणी अर्ज पडला की आठवडा गेला.

२ डिसेंबरला, सोमवारी, अर्ज दिला. सोबत काय काय होतं: आयोजकांची ओळखपत्रं, हॉलचा करार आणि मालकाचं संमतीपत्र, अग्निशमनाचा दाखला, दारं-खिडक्या-मंच-स्पीकर दाखवणारा आराखडा, पार्किंगचा आराखडा, जनरेटरवाल्याचं पत्र, सुरक्षा संस्थेचं पत्र, वाजवणाऱ्यांची नावं, वेळापत्रक, आवाजाच्या मर्यादेचं हमीपत्र. पाच संच. एक पोलिसांच्या परवाना शाखेला, एक स्थानिक ठाण्याला, एक वाहतूक शाखेला, एक अग्निशमनाला, एक जिल्हाधिकारी कार्यालयात करमणूक परवानगीसाठी. सहावा आपल्याकडे ठेवा आणि त्याच्यावर प्रत्येक ठिकाणची पोच, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. फोन केल्यावर ‘कधी दिला होता अर्ज?’ या प्रश्नाला तारीख सांगून भागत नाही, आवक क्रमांक लागतो.

११ डिसेंबरला एक संच त्रुटी लावून परत आला. आराखड्यात दारं होती, पण ती कुठल्या बाजूला उघडतात ते नव्हतं आणि रुंदीही नव्हती. बाहेर पडायचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. गर्दी दारावर रेटली गेली की आत उघडणारं दार उघडतच नाही. आमच्या तिसऱ्या दाराला आत उघडणारी फळी होती. मालकाने बिजागऱ्या फिरवून दिल्या, सुताराचे ९०० रुपये आम्ही दिले. २० डिसेंबरला पाहणी झाली. पाहणीच्या दिवशी बाहेर पडण्याच्या पाट्या आणि अग्निशामक नळकांडी जागेवर पाहिजेत. ‘कार्यक्रमाच्या दिवशी लावू’ हे चालत नाही, आणि चालूही नये.

संगीताच्या परवान्यावर हॉलच्या व्यवस्थापकांशी गंमत झाली. त्यांच्याकडे वर्षाला कितीतरी लग्नं वाजतात, कोणी कधी परवाना मागितला नाही. ‘मग तुम्हालाच कसा लागतो?’ कारण कायद्यातच फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि लग्न, त्याची वरात, त्यासोबतचे समारंभ यांना सूट आहे. तिकीट लावून टेक्नो वाजवण्याला नाही. गीत-संगीताचे हक्क आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे, ध्वनिमुद्रणांचे हक्क दुसऱ्या संस्थांकडे, असे किमान दोन परवाने निघतात. कोणत्या संस्थेकडे कोणत्या लेबलचे, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीचे, हक्क आहेत ते आधी विचारा, कारण वाजवणाऱ्यांची निम्मी गाणी परदेशातल्या छोट्या लेबलांची किंवा स्वतः बनवलेली असतात. वाजवणाऱ्यांकडून लेबलांची यादी १५ दिवस आधी मागवलेली बरी.

तिकीट ५०० रुपये. हा आकडा उगाच नाही. संगीताच्या कार्यक्रमाचं प्रवेशमूल्य माणशी ५०० पर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. ५९९ चं तिकीट लावून हातात ५०८ घेण्यापेक्षा ५०० बरं. दारू ठेवली नाही. एक दिवसाचा परवाना मिळतो, पण त्यासोबत वयाची तपासणी, वेगळा कप्पा, वेगळे कागद, आणि पोलिसांच्या मनातली शंका दुप्पट. वाइनच्या गावात दारूशिवाय कोण येणार, असं दोघातिघांनी हसून विचारलं. आले.

२४ डिसेंबर ते २ जानेवारी कोणाच्याही मागे लागलो नाही. ३१ डिसेंबरच्या बंदोबस्तात आपला कागद घेऊन जाणं म्हणजे नकार मागून घेणं. ८ जानेवारीला वाहतुकीचं ना-हरकत आलं, अट एकच: महामार्गावर एकही गाडी उभी दिसता कामा नये. शेवटची लेखी परवानगी १५ जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, हातात पडली. कार्यक्रमाला तीन दिवस. वेळ: दुपारी ४ ते रात्री १२.

रात्री बारा वाजता संपणारी रेव्ह म्हणजे काय, असं वाटलं ना? आम्हालाही वाटलं होतं. पण दुपारी चारला सुरू केली तर आठ तास मिळतात, आणि आठ तास सलग नाचणारा माणूस साडेअकरालाच घड्याळ बघायला लागतो.

परवानगी येईपर्यंत एक रुपया घेतला नव्हता. फक्त नावं नोंदवली होती, चारशेच्या आसपास. १५ च्या संध्याकाळी पैसे घ्यायला सुरुवात केली, १७ पर्यंत २८८ तिकिटं गेली. हॉलमध्ये ३०० ची मर्यादा आम्हीच घातली होती. परवानगीआधी तिकिटं विकली असती तर झोप उडाली असती.

आता आवाज. इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण कागद पूर्ण असूनही रात्र बंद पडते ती इथेच.

शुक्रवारी, १७ ला, दुपारी साउंड आला: सहा १८ इंची सब (फक्त बास वाजवणारे मोठे स्पीकर), चार टॉप (वरच्या पट्ट्यांचे स्पीकर), अ‍ॅम्प्लिफायर, आवाज सांभाळायचा कन्सोल, सोबत एक जाणकार ऑपरेटर. ४८ हजार. सगळे सब मंचाच्या मधोमध रचले, तोंड मागच्या भिंतीकडे. संध्याकाळी सातला वाजवून बघितलं आणि मीटर घेऊन हद्दीवर गेलो. खासगी जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच जास्त चालतात. व्यावसायिक भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५, म्हणजे आपल्याला दिवसा ७० आणि दहानंतर ६०. मीटर दाखवत होता ६२. दिवसाला चालेल, रात्रीला नाही. पण ट्रक गेला की तोच मीटर ७१ वर. म्हणून आधी संगीत बंद ठेवून १५ मिनिटांची नोंद करा, वेळ लिहा, मग संगीत लावून पुन्हा. नाहीतर महामार्गाचा आवाज तुमच्या नावावर जमा होतो.

खरी भानगड मीटरच्या पलीकडची होती. मागच्या वस्तीत एका घराची तावदानं वाजत होती. नियमातला आकडा डीबी-ए मध्ये असतो, आणि हे ‘ए’ मोजमाप कानाच्या संवेदनेप्रमाणे खालच्या पट्ट्या कापतं. ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या पट्टीला, तर ३० डेसिबलनी. म्हणजे टेक्नोचा जो धक्का छातीत बसतो, तो पोलिसांच्या मीटरला जवळजवळ दिसतच नाही, पण ३०० मीटरवरच्या आजींच्या खिडकीला बरोबर दिसतो. मीटर ‘सी’वर, म्हणजे खालच्या पट्ट्या फारशा न कापणाऱ्या मोजमापावर, टाकला तर आकडा ८४. तक्रार मीटर करत नाही, आजी करतात. दोन्ही मोजमापं घ्या.

कारण शोधायला रात्रीचे साडेदहा वाजले. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. ४९ हर्ट्झची एक लाट ७ मीटर लांब. हॉलची रुंदी १४ मीटर, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर दोन लाटा बसतात आणि त्या पट्टीवर हॉल स्वतःच गायला लागतो. अशा लाटेचा दाब दोन्ही भिंतींपाशी आणि मधोमध सर्वात जास्त, तर भिंतीपासून १.७५, ५.२५, ८.७५ आणि १२.२५ मीटरवर जवळजवळ शून्य. चालून बघितलं तर कळतं: एका पावलावर बास पोटात घुसतो, दोन पावलांवर गायब. आम्ही सब ठेवले होते नेमके मधोमध, म्हणजे जिथून हॉलला सर्वात जास्त चेव येतो तिथे. ते हलवले. एकावर एक तीन अशा दोन उतरंडी केल्या, एक भिंतीपासून ५.२५ वर, दुसरी ८.७५ वर. त्या जागांवरून ही लाट उठतच नाही म्हटलं तरी चालेल. उरलीसुरली ४९ हर्ट्झला ४ डेसिबल कापून काढली, आणि ३५ च्या खालचं सगळंच बंद केलं. तिथे संगीत फारसं नसतं, पत्रा मात्र खडखडतो.

दुसरा उपाय दिशेचा. सगळं तोंड महामार्गाकडे फिरवलं, पाठ वस्तीकडे. पण सब पाठीमागेही जवळजवळ तेवढाच वाजतो. म्हणून प्रत्येक उतरंडीतला मधला डबा, म्हणजे मधला सब, उलटा केला, त्याची पोलॅरिटी फिरवली (बाकीचे हवा ढकलतात तेव्हा तो ओढतो) आणि त्याला उशीर दिला, आमच्या डब्यांना सुमारे ३ मिलिसेकंद. पाठीमागे तिन्हींचे धक्के एकमेकांना खातात, समोर जुळतात. याला कार्डिऑइड मांडणी म्हणतात. यात समोरचा जोरही थोडा कमी होतो, म्हणून चारच्या जागी सहा सब घ्यावे लागतात. भाडं ठरवतानाच हे सांगा. उशीराचा आकडा दुसऱ्याचा उचलू नका, तो डब्याच्या खोलीवर ठरतो. ऑपरेटरला मागे उभं राहून ऐकायला लावा.

शनिवारी पुन्हा मोजलं: हद्दीवर ५६ ते ५७, तावदानं शांत. तरी त्या घरी आणि शेजारच्या चार घरी जाऊन आलो. ‘मावशी, आज बारापर्यंत आहे, त्रास झाला तर या नंबरवर फोन करा, आम्ही लगेच कमी करू.’ फोन एक आला, सव्वादहाला. बास दोन डेसिबलने उतरवला. १०० किंवा ११२ ला जाण्याआधी त्यांना आपल्याला फोन करावासा वाटला, यातच सगळं आलं.

पडदे लावून आवाज कमी होतो अशी एक समजूत आहे. जाड पडद्याने टाळ्या आणि हाय-हॅटची, म्हणजे ड्रममधल्या झांजेची, चरचर कमी होते. सात मीटरच्या लाटेला पडदा म्हणजे धोतराचा पदर.

वीज जनरेटरवर. ६३ केव्हीए, भाडं ११ हजार, शनिवारी दुपारपासून रात्रीपर्यंत डिझेल ८० लिटर, ७,३०० रुपये. दिवे एका फेजवर आणि साउंड दुसऱ्यावर, नाहीतर डिमर फिरवला की स्पीकरमधून किरकिर. अर्थिंगचा खड्डा आदल्या दिवशी पाणी आणि मीठ घालून ओला केला, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजला. तो २ व्होल्टच्या आत येईपर्यंत एकही अ‍ॅम्प्लिफायर चालू केला नाही. एवढं करूनही दुपारी हं… असा गुणगुणाट सुरू झाला. दृश्यांसाठी लावलेल्या लॅपटॉपचा चार्जर वेगळ्या पॉइंटवर होता, अर्थ दोन वाटांनी फिरत होता. यात एक गंमत: आपली वीज ५० हर्ट्झची, आणि हॉलची लाडकी पट्टी ४९. सब जुन्या जागी असते तर हा बारीक गुणगुणाट हॉलनेच मोठा करून दाखवला असता. चार्जर साउंडच्याच बोर्डावर आणला, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला, थांबला. चार्जरची तिसरी पिन काढून टाकायची सूचना कोणी ना कोणी करतोच. ती माणसं मारणारी युक्ती आहे, करू द्यायची नाही.

वाजवण्याच्या टेबलावर दोन प्लेअर आणि एक चार वाहिन्यांचा मिक्सर, भाडं १६ हजार. सहा वाजवणारे, प्रत्येकी सुमारे ८० मिनिटं. चार नाशिकचे, दोन मुंबई-पुण्याचे. त्यांना आठवडा आधी तीन गोष्टी कळवल्या: पेनड्राइव्ह फॅट-३२ ला फॉरमॅट, तोच मजकूर असलेला दुसरा पेनड्राइव्ह खिशात, आणि मिक्सरचा काटा लालमध्ये न्यायचा नाही. लालमध्ये गेला की आवाज वाढत नाही, फाटतो. फाटलेला आवाज लोकांना ‘कमी’ वाटतो, मग वाजवणारा अजून रेटतो. पुढे लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीवर अडवणारं यंत्र, होताच. एकाचा पेनड्राइव्ह दुसऱ्या फॉरमॅटचा निघाला, प्लेअरने वाचलाच नाही. दुसरा होता म्हणून निभावलं.

क्रम लावताना वेग चढता ठेवला: चार वाजता मिनिटाला १२० ठोके, शेवटी १३८. चार वाजता आलेल्या ४० माणसांवर १३८ सोडला तर ती चहा प्यायला जातात ती येतच नाहीत. पहिल्या सेटमध्ये, म्हणजे पहिल्या वाजवणाऱ्याच्या वेळात, ३०३ (बासचं) आणि ८०८ (ड्रमचं) ही यंत्रं प्रत्यक्ष वाजवली गेली. हीच जोडी घेऊन चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत राग वाजवले होते, शिकागोत अ‍ॅसिड हाऊस जन्मायच्या आधी. ‘हे परदेशी खूळ’ म्हणणाऱ्या काकांसाठी ही माहिती जवळ असू द्यावी.

दारावर आठ सुरक्षारक्षक, त्यातल्या दोन महिला, प्रत्येकी १,२००. वय २१ च्या पुढे, ओळखपत्र, पिशवीची झडती. फोनच्या कॅमेऱ्यावर एक गोल स्टिकर. कोणी काढून बघत नाही, पण तो लावला की माणूस फोन खिशात ठेवून नाचतो. हिरवी पट्टी बांधलेले चार स्वयंसेवक फक्त गर्दीत फिरायला. कोणी कोणाला त्रास देत असेल, कोणी भिंतीला टेकून पांढरंफटक पडलं असेल, हे मंचावरून दिसत नाही.

माणसं हा हॉलचा सर्वात मोठा हीटर. नाचणारा माणूस ढोबळ ३०० वॉट उष्णता टाकतो. ३०० माणसं म्हणजे ९० किलोवॉट, आणि दारं बंद, कारण उघडली तर आवाज बाहेर. यावर चांगलं उत्तर आम्हाला सापडलं नाही, तडजोड सापडली: दर सेटच्या शेवटी बास उतरवून महामार्गाकडची दोन दारं पाच मिनिटं सताड उघडायची. पाणी फुकट. २० लिटरचे ३० जार मागवले, २६ संपले. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, गरगरतं, म्हणून मीठ-साखरेचं लिंबू सरबतही होतं, आणि ओआरएसची पाकिटं. दोघांना चक्कर आली, दोघेही उपाशीपोटी आलेले. बाहेर जानेवारीतलं नाशिक, घामेजलेला माणूस त्यात गेला की कुडकुडतो. स्वेटर ठेवायला एक खिडकी आणि टोकन ठेवा. आम्ही टोकन फक्त १५० आणली होती, मग हातावर मार्करने आकडे लिहिले.

धूर सोडणाऱ्या यंत्राबद्दल एकच: हॉलच्या धूरसूचकांचं काय करायचं ते अग्निशमनाच्या पाहणीतच विचारून लेखी घ्या. गुपचूप पिशवी बांधू नका. आम्हाला पातळ हेझ, म्हणजे धुक्यासारखा विरळ धूर, वापरायला आणि सूचक असलेल्या प्रवेशकक्षाचं दार बंद ठेवायला सांगितलं, तिथे एक माणूस नळकांडं घेऊन रात्रभर बसला.

कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात अशा जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल सांगितली आहे. कन्सोलपाशी पडद्यावर हा आकडा सतत दिसत होता, आम्ही ९७-९८ च्या पुढे जाऊ दिला नाही. दारात फोमचे इअरप्लग ठेवले. चारशे जोड्यांपैकी निम्म्याही गेल्या नाहीत, पण ज्यांनी घेतल्या ते दहाला परत दुसरी जोडी मागायला आले. इअरप्लग घालताना कान वर ओढून, फोमचं बोंड पिळून आत सरकवायचं आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. नुसतं टेकवलं तर उपयोग नाही.

साडेनऊला ठाण्यातून दोघे आले. परवानगीची प्रत दाराशी लावलेली होतीच. त्यांनी मीटरची वही बघितली, दर अर्ध्या तासाची नोंद, ए आणि सी दोन्ही. एकजण आत डोकावून म्हणाले, ‘गाणं कधी सुरू होणार?’ सांगितलं, ‘साहेब, हेच आहे.’ दहा मिनिटं थांबून गेले.

शेवटचा ठोका ११ वाजून ५२ मिनिटांनी. बाराला बंद म्हणजे बाराला शांतता, बाराला शेवटचं गाणं नव्हे. आठ मिनिटांत दिवे हळूहळू लावले. एकदम ट्यूबलाइट पेटवली की माणसं दचकतात आणि दारावर एकदम येतात. नाशिकमध्ये मध्यरात्री महामार्गाच्या कडेला रिक्षा मिळत नाही, म्हणून दोन टेम्पो ट्रॅव्हलर ठेवले होते. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि नाशिकरोड, दोन्ही मिळून ९ हजार. शेवटची फेरी एक पाचला निघाली. गाड्यांची रांग महामार्गावर आली नाही.

हिशोब: हॉल ४०,०००, साउंड ४८,०००, प्लेअर-मिक्सर १६,०००, दिवे आणि हेझ १२,०००, जनरेटर डिझेलसह १८,३००, सगळे परवाने, दाखले, झेरॉक्स आणि सुतार मिळून २७,६००, सुरक्षा ९,६००, गाड्या ९,०००, पाणी, औषधं, सफाई ६,५००, वाजवणाऱ्यांचं मानधन आणि प्रवास २४,०००. एकूण २,११,०००. तिकिटांचे १,४४,०००, बाहेरच्या दोन खाद्यगाड्यांकडून ६,०००. त्यांची अन्नसुरक्षा नोंदणी बघून घेतली होती. तूट ६१,०००, सहांत वाटली तर माणशी दहा हजारांच्या थोडी वर. ती आधीच धरून चाललो होतो. ४०० माणसांना जागा असती तर बरोबरी जवळ आली असती, पण तो हॉल ४०० चा नव्हता.

पहाटे अडीचपर्यंत झाडू मारला. जमिनीवरून २८८ पैकी किती स्टिकर निघाले असतील याचा अंदाज करू नका, गुडघे दुखतात. अनामत २८ जानेवारीला परत आली, २० पैकी साडेसतरा हजार. अडीच हजार कापले ते भिंतीचा रंग उडाला म्हणून: केबल चिकटवलेली गॅफर टेप ओढताना ऑइलपेंटचे पट्टेच्या पट्टे निघून आले. आधी कागदी मास्किंग टेप, तिच्यावर गॅफर. मास्किंगचे चार रोल दोनशे रुपयांत येतात.